पगार अर्धा आला की बाजार कसा करावा

आमचे हे कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, कामाला आहेत. ऑर्डर असली की ओव्हरटाइम, नसली की आठवड्याला चारच दिवस काम आणि तेवढ्याचाच पगार. मी घरी ब्लाउज शिवते. चार माणसांचं घर या दोघांच्या कमाईवर चालतं. पगार अर्ध्यावर आला तो पहिल्यांदा 2019 च्या ऑगस्टमध्ये, महापुरात. मग 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तो पार थांबला. आता तिसऱ्यांदा पुन्हा कात्री लागली आहे.

गल्लीतल्या दोन सुना परवा विचारत होत्या, "वैनी, एवढ्या ओढाताणीत तुम्ही कपिलतीर्थ मंडईला आणि लक्ष्मीपुरीच्या बाजाराला कशाला जाता? मोठ्या दुकानात स्वस्त मिळतंय की." त्यांना जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते. घर चालवायचं आहे, आणि आपल्यासारखंच हातावर पोट असलेल्या माणसाचं दुकानही चालायला हवं. ही दोन्ही कामं एकाच पिशवीत होतात, फक्त थोडा हिशेब मांडावा लागतो.

आधी महिनाभर वही लिहा

शंभर पानी वही घ्या. रोज झोपताना तीन गोष्टी लिहा: काय घेतलं, कितीला घेतलं, कुणाकडून घेतलं. वस्तू आणि दर सगळेच लिहितात, तिसरा रकाना मात्र कुणी करत नाही. मी तो पहिल्यांदा केला तेव्हा माझेच डोळे उघडले. नऊ हजारांच्या खर्चात भाजीपाला होता जेमतेम चौदाशेचा. निम्म्याहून जास्त पैसे दोन मोठ्या दुकानांत गेले होते आणि त्यात काय होतं? बिस्किटं, नूडल्स, फरशी पुसायचं सुगंधी पाणी, "एकावर एक फुकट" म्हणून आणलेले सॉसचे दोन डबे. त्यातला एक तसाच मुदत संपून गेला. आणि मी महिनाभर मेथीच्या पेंडीवर दोन रुपयांसाठी वाद घालत होते.

वहीवरून ठरवा की कोणत्या वस्तू ओळखीच्या माणसाकडून घ्यायच्या. सगळ्याच हलवायला जाऊ नका, ते जमत नाही. दुसऱ्या महिन्यात पुन्हा सगळं सोडून दिलं जातं. मी आठ वस्तू ठरवल्या: भाजी, दूध, तांदूळ, डाळ, तेल, गूळ, चटणीचा माल (मिरची-मसाला) आणि चपला. अंगाचा साबण, टूथपेस्ट मोठ्या दुकानात खरंच स्वस्त पडत असेल तर तिथून आणा, त्यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. तंगीत असलेल्या बाईनं प्रत्येक रुपयाला जगाचं ओझं लावू नये.

रेशनचंही तसंच. कार्डावर धान्य मिळत असेल तर हक्कानं उचला. अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य आहे आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. तेवढी रोकड भाजी-दुधाला सुटते. मात्र कुणी रेशनचा तांदूळ पोत्यानं स्वस्तात विकायला आणला तर घेऊ नका. तो कुणाच्या तरी ताटातला आहे.

किराणा दुकानाची उधारी

हे मी जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण इथं माझ्याकडून चूक झाली होती.

लॉकडाऊन लागला आणि फौंड्रीला कुलूप पडलं. एप्रिलमध्ये घरात पैसे आलेच नाहीत. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या मामांकडं मी गेले आणि काउंटरपाशी उभीच राहिले, तोंडातून शब्द फुटेना. मामांनीच पेन काढलं. म्हणाले, "वैनी, वही हाय न्हवं? मग सांगा, काय काय लिवू?" तीन महिने त्यांनी लिहिलं. अकरा हजारांवर आकडा गेला होता. दिवाळीपर्यंत आम्ही तो फेडला.

पुढं ओव्हरटाइम सुरू झाला, हातात रोख आली. तेव्हा मी काय केलं? महिन्याचा सगळा माल मोठ्या दुकानातून भरायला लागले, आणि मामांकडं पोराला पाठवायचे ते शाम्पूच्या पुडीला नाहीतर महिनाअखेरीस उधारीला. एक दिवस मी स्वतः गेले तर तूरडाळीचं पिंप रिकामं. विचारलं तर मामा शांतपणे म्हणाले, "माल भरायला रोकड लागती वैनी." तेवढंच बोलले. मी घरी येईपर्यंत कानात तेच होतं. उधारीवर देणाऱ्यालाही होलसेलच्या पेढीवर रोख मोजावी लागते. आम्ही सगळ्यांनी रोख दुसरीकडं नेली आणि उधारी त्यांच्याकडं ठेवली. पुन्हा तशी वेळ आली असती तर ते कशाच्या जिवावर पेन काढणार होते?

तेव्हापासून माझी रीत अशी आहे. पगाराच्या दिवशी तांदूळ, तूरडाळ, साखर आणि तेल या चार मोठ्या वस्तू मामांकडून रोखीनं. उधारी करायचीच झाली तर करताना तारीख सांगायची, आणि त्या तारखेला जायचं. पैसे नसतील तर निम्मे द्यायचे. तेही नसतील तर आदल्या दिवशी जाऊन सांगायचं. तोंड चुकवून दुसऱ्या गल्लीनं जाणं हे दुकानदाराला पैशापेक्षा जास्त लागतं.

दराचंही उघड बोलावं. मोठ्या दुकानात तेलाचा डबा कितीला आहे ते बघून यायचं आणि सरळ विचारायचं, "मामा, तिथं एवढ्याला आहे, तुम्हाला कितीपर्यंत जमेल?" कधी ते दहा रुपये सोडतात, कधी म्हणतात, "या कंपनीत नाही परवडत, ही दुसरी घ्या." आणि एक गोष्ट हिशेबात धरायला विसरू नका: मामा पावशेर डाळ देतात, वीस रुपयांचं जिरं देतात. मोठ्या दुकानात अर्ध्या किलोचं पाकीट उचलावं लागतं. हात आखडलेला असताना लागेल तेवढंच घेता येणं हीच मोठी बचत असते.

रविवारचा बाजार

लक्ष्मीपुरीत रविवारी आठवडी बाजार भरतो. सकाळी लवकर गेलात तर ताजं मिळतं, दिवेलागणीला गेलात तर स्वस्त. मी आलटून पालटून जाते. टिकणाऱ्या वस्तू म्हणजे कांदा, बटाटा, लसूण, भोपळा सकाळी निवडून घ्याव्यात, पालेभाजी संध्याकाळी घ्यावी. पालेभाजी रात्र काढत नाही. गावाकडच्या बाईला शेवटची एसटी किंवा वडापची जीप गाठायची असते, तिच्या पुढ्यात पाच-सहा पेंड्या उरलेल्या असतात. त्या सगळ्या एकदम घ्या आणि ती सांगेल तो दर द्या. तो सकाळच्या निम्मा असतोच. त्याच्यावर आणखी पाडून मागू नका. त्यातल्या दोन पेंड्या शेजारणीला द्या, ती पैसे देते.

शेतकरी कोण आणि व्यापारी कोण हे ओळखायला फार अवघड नाही. शेतकऱ्याच्या पुढं एक-दोनच जातीची भाजी असते, लहानमोठी मिसळलेली, मुळाला माती लागलेली. व्यापाऱ्याकडं पंधरा प्रकार असतात, सारख्या आकाराचे. काही जण म्हणतात, फक्त शेतकऱ्याकडूनच घ्यावं. मला ते पटत नाही. गाडीवर भाजी विकणारा माणूस पहाटे मार्केट यार्डात लिलावाला उभा असतो, हमाली देतो, टेम्पोचं भाडं देतो, आणि सडलेलं नुकसानही त्याचंच. तो काही चोर नाही. शेतकऱ्याकडं दर थोडा कमी असतो आणि माल जवारी (गावठी) असतो म्हणून पहिली फेरी तिकडं मारायची, उरलेलं गाडीवर. दोघांचीही पोरं आमच्याच पोरांबरोबर शाळेत आहेत.

घासाघिशीविषयी मी जरा कडक आहे. अस्तराचा ब्लाउज शिवायला माझी अख्खी दुपार जाते, आणि चांगल्या घरची बाई म्हणते, "पन्नास कमी करा की, रेडीमेड याच्यापेक्षा स्वस्त मिळतंय." त्याच बाई मॉलमधल्या चिठ्ठीवरचा आकडा मान खाली घालून देतात. ते मला इतकं लागतं की बाजारात माझ्याच्यानं तसं बोलवत नाही. म्हणून माझा नियम: आधी तीन ठिकाणी दर विचारायचा, न घेता पुढं जायचं, मग जिथं घ्यायचं तिथं एकदाच विचारायचं, "किलोभर घेतलं तर कितीला द्याल?" जास्त घेऊन कमी दर मागणं हा सरळ व्यवहार आहे. पावशेर गवारीवर पाच रुपये पाडणं नाही. आणि फुकट कोथिंबीर मागू नका. ती तिनं पिकवलेली किंवा विकत आणलेली असते. आपण मागतो, ती लाजेकाजेस्तव देते. दहाची जवारी कोथिंबीर घ्या, वास बघा, तुमची चार दिवसांची भाजी होऊन जाईल.

वजनाकडं मात्र लक्ष ठेवायचंच. इलेक्ट्रॉनिक काट्यावर भाजी टाकायच्या आधी शून्य दिसतो का ते बघा, रिकामं घमेलं किंवा टोपली त्यात मोजली जात नाही ना तेही बघा. काट्याची दरवर्षी वैधमापन (वजनमापं तपासणाऱ्या) खात्याकडून पडताळणी व्हायला हवी आणि तसा शिक्का त्यावर असतो. शंका आली तर चारचौघांत आरडाओरडा करू नका. "मावशी, पुन्हा एकदा ठेवा बघू" एवढं पुरतं. पाकिटबंद वस्तूवर छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर पावती मागा, आणि ऐकलंच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, 1915. भाजीवालीसाठी मी तो नंबर कधी फिरवणार नाही. पाण्याच्या बाटलीवर जादा पैसे लावणाऱ्या मोठ्या दुकानासाठी फिरवीन.

सुट्टे पैसे न्या. आता सगळ्यांकडं स्कॅनर आहेत, पण सकाळच्या वेळी दहा-वीसच्या नोटा दिल्या की बाईचा चेहरा खुलतो, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायला तिच्याकडं सुट्टे नसतात. आणि पिशव्या घरच्या न्या, एक मोठी आणि आत चार लहान. राज्यात 2018 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. त्या बाईला दंड झाला तर तिची दिवसाची कमाई त्यात जाते. मी ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्यांच्या नाडीवाल्या पिशव्या शिवते. कुणाला हव्या असतील तर शिवणकाम करणाऱ्या बाईकडं मागा, तिच्याकडं चिंध्यांचं बोचकं असतंच.

गूळ घेताना

कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन (या भागाचा खास माल म्हणून सरकारी नोंद) आहे, आणि तरीही चुकीचा गूळ आम्ही कोल्हापूरकरच घेतो. मी आठ-नऊ वर्षांपूर्वी गुऱ्हाळावर गेले होते, माझ्या चुलत जावेच्या माहेरी. मोठ्या काहिलीत रस उकळत होता. वर काळपट मळी येत होती, आणि एक माणूस रानभेंडीची झाडं ठेचून त्याचं चिकट पाणी त्यात सोडत होता. त्या चिकटपणाला मळी धरली जाते आणि झाऱ्यानं काढता येते. गूळ झाला तो तपकिरी, चॉकलेटच्या रंगाचा. मी विचारलं, बाजारात तर पिवळाधमक मिळतो. काहिलीवरचा माणूस म्हणाला, "त्यात हायड्रॉस असतंय ताई. गिऱ्हाइकाला पिवळा पायजे, मग आम्ही तरी काय करणार?"

हायड्रॉस म्हणजे गुळाचा रंग उजळायला घालतात ते केमिकल. त्या माणसाचं वाक्य मी विसरलेले नाही. पिवळा गूळ आम्ही मागतो म्हणून बनतो. तेव्हा दुकानात जाऊन तोंडानं विचारा: "बिनकेमिकलचा, काळसर गूळ आहे का?" नसला तर पुढच्या वेळी पुन्हा विचारा. आमच्या गल्लीत चार बायकांनी दोन महिने विचारल्यावर मामांनी दहा किलोचे दोन रवे (ढेपा) आणले आणि आठवड्यात संपले. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो, त्याच काळात घ्या. पावसाळ्यात गूळ पाझरतो, म्हणून कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. केमिकलविरहित गूळ किलोला थोडा महाग असतो, हे खरं आहे. मी साखर महिन्याला एक किलोनं कमी केली आणि तो फरक भरून काढला.

चौघींनी मिळून वर्षाचं भरायचं

एकटीला क्विंटलभर तांदूळ घेणं परवडत नाही, चार घरांना परवडतं. दिवाळीनंतर भात निघालं की आजरा-भुदरगडकडचे शेतकरी तांदूळ द्यायला तयार असतात. आजऱ्याचा घनसाळ सणावारापुरता पाच किलो, रोजच्यासाठी दुसरा. आम्ही ऑक्टोबरपासून दरमहा प्रत्येकी थोडे पैसे एका डब्यात टाकतो आणि माल यायच्या आधी, कापणीच्या वेळी निम्मे आगाऊ देतो. शेतकऱ्याला कापणी-मळणीच्या मजुरीला नेमके तेव्हाच पैसे लागतात, त्यामुळे दर आपोआप बरा मिळतो. तांदळाचा दाणा दातांखाली धरून बघा. कट्टकन तुटला तर वाळलेला, दबला तर ओलसर आहे, परत पाठवा. डाळीला एरंडेल तेलाचा हात लावून ठेवा, धान्यात सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घाला.

ही काही आमची नवी शक्कल नाही. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून हेच करते. शेजारपाजारच्या कुटुंबांचा संघ, एकत्र यादी, एकत्र खरेदी, आणि वाटप सभासदांनीच करायचं. आमच्यात वाटपाचा काटा माझ्या घरी असतो. भांडण फक्त एकदाच झालं, पोत्याच्या तळाच्या कण्या कुणी घ्यायच्या यावरून. आता त्या चिठ्ठी टाकून देतो.

चटणीचा माल फाल्गुन-चैत्रात घ्या. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी तिखटाला. ज्यांना घरी भाजून मिरची कांडायच्या डंकावर न्यायला वेळ नाही त्यांनी बचतगटाच्या बायकांकडून कांदा-लसूण चटणी घ्यावी. पाकिटावर 14 आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा नोंदणीचा) क्रमांक आणि तयार केल्याची तारीख आहे का ते बघा. नसेल तर हळूच सांगा की नोंदणी करून घ्या, तुमचाच माल जास्त खपेल. मी सांगितलं होतं, त्यांनी राग मानला नाही.

चप्पल

2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि आपल्याकडं सगळे संतापले. बरोबरच होतं. कोल्हापुरीला 2019 मध्ये मानांकन मिळालं आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरून. पण त्या संतापाच्या आठवड्यात आपण स्वतः काय पायात घातलं होतं, हेही विचारायला हवं. कोल्हापुरातल्या चप्पल लाईनला जा, तळ वाकवून बघा, कडेला चामड्याचे थर दिसतात का बघा आणि शिलाई चामड्याच्या वादीची आहे का ते विचारा. वरची वेणी पुष्कळदा घरातल्या बायका घालतात. त्यांचं नाव कुठं लागत नाही.

महाग वाटते, म्हणून मी वर्षभर दरमहा शंभर रुपये बाजूला ठेवते. पावसात घालायची नाही, महिन्यातून एकदा तेलाचा बोळा फिरवायचा, अंगठा सैल झाला की तुटायची वाट न बघता टाके घालून घ्यायचे. माझा जोड सहावं वर्ष चालू आहे. त्या काळात रबरी चपला तीन झाल्या असत्या.

चिखलीची मावशी

मी पालेभाजी घेते ती मावशी प्रयाग चिखलीची आहे. 2019 च्या पुरात चिखली-आंबेवाडी पाण्यात होती. ती दोन महिने बाजारात दिसली नाही. दसऱ्याच्या सुमारास तिच्या नेहमीच्या जागेवर पोतं अंथरून बसली होती, पुढ्यात सात-आठ शेपूच्या पेंड्या, बाकी काही नाही. आमच्याकडं शेपू कुणी खात नाही. मी दोन पेंड्या घेतल्या. ती म्हणाली, "रान धुऊन गेलं. हे पहिलंच बघ." मूगडाळ घालून केली, पोरांनी तोंडं वाकडी करत खाल्ली.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी तिच्याकडं मेथी उचलली. हिरवीगार दिसत होती, दरही कमी होता. तिनं माझ्या हातातून पेंडी काढून घेतली, सुतळी सोडून मधली पानं उघडून दाखवली. आतून काळी, चिकट झाली होती. "ही नको नेऊ. लई पाऊस लागलाय हिला." मग पाठीमागच्या बुट्टीतून तांदळीची एक पेंडी काढली, पाणी झटकलं आणि माझ्या पिशवीत घातली. दहा रुपये सांगितले. मी दहा दिले.